जत

गठ्ठ्यात हात घाल, मायाप्पा. मनगटापर्यंत.
अजून आत.
ऊब लागली तर पाकीट काढूच नकोस,
आत ओल कोंडलीय, आठ दिवसांत बुरशी धरेल,
आणि हा मीर गुल तीन भाषांत शपथा घेईल.

रंगाला भुलू नकोस.
बोटीतून आलंय, मग ट्रकमधून,
मग इथं धैदच्या बाजारात पत्र्याखाली महिनाभर पडलंय.
वरून पिवळं पडणारच. आपण नाही पडलो?
सुतळी सैल कर, मधलं पान बघ.
पान म्हणजे दूध, काडी म्हणजे शेण.
एवढं पाठ केलंस तरी पगार वसूल.

ही काडी गालावरून फिरव.
लाजू नकोस, इथं कोण बघतंय.
टोचली ना? मग तिच्या टाळूलाही टोचणार.
शामी शेळी ती, लांब कानांची, उंच नाकाची,
काड्या बाजूला सारून फक्त पानं टिपते
आणि उरलेल्यावर बसते.

ह्याला आपण लसूणघास म्हणायचो,
लसणाचा वास नसताना.
इथं कुणी यत म्हणतं, कुणी जत.
मी आलो त्या पहाटे अरबाब म्हणाला, जीब जत.
मी नुसता उभा.
ह्याला माझा तालुका कुणी सांगितला?
पासपोर्टावर तर सांगली आहे.
तो पुन्हा म्हणाला, जत, जत,
आणि जबडा हलवून दाखवला.

तेव्हापासून बावीस उन्हाळे
मी जत विकत घेतो,
तोलून, हुंगून, दहा दिरहमांसाठी भांडून.
जत कोरडं असावं
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
कोरडं असून पान धरून ठेवणारं हवं,
ते ओळखायला वेळ लागला.

बोकडांना मात्र हे घालू नकोस.
मुतखडे होतात, रात्रभर ओरडतात.
त्यांना तो साधा ऱ्होडस, हवा तेवढा.
गाभणींनाही शेवटच्या महिन्यात हात आखडून,
ऱ्होडसच जास्त,
व्याल्या की मग वाढवत ने.
एकदम नाही. पोट फुगतं.

गेल्या वर्षी अरबाबनं स्वतः निवडलं.
हिरवंगार, गुळगुळीत वेष्टन, वर गाईचं चित्र.
मोरणीनं हुंगलं,
एक पाय त्यावर ठेवला
आणि मुतली.
तिसऱ्या दिवशी तिची धार सव्वा लिटरनं उतरली.
मी काही बोललो नाही.
वहीत आकडा लिहिला
आणि वही त्याच्या गाडीच्या टपावर विसरलो.

त्याची आई येते गुरुवारी, उम्म सैफ.
तिला आता दिसत नाही.
तिच्या हातात एक मूठ द्यायची आणि गप्प उभं राहायचं.
ती चुरगळते, नाकाशी नेते,
मग म्हणते, चांगलं,
किंवा काहीच म्हणत नाही, पदरावरून झटकते.
तिच्यापुढं माझी बावीस वर्षं म्हणजे कुटाणा.
तिला फसवू नकोस.
मी एकदा बघितलं फसवून.

माझ्यामागं विचारतील तुला, म्हातारा कसा निवडायचा?
वास, म्हण. चहाचा डबा उघडल्यासारखा यायला हवा.
आंबूस आला, धुळीचा आला, तर पुढच्या ट्रककडं.
आणि तरी खात्री नसेल
तर मूठभर खिशात घालून गोठ्यात ने.
शेवटी पसंती तिचीच. आपण नुसते दलाल.

चल, सहा गठ्ठे चढव. हे चार,
तो कोपऱ्यातला, आणि ज्यावर मीर गुल बसलाय तो.
बसायला त्यानं सगळ्यात मऊ निवडला असणार.

सुतळी मात्र वाऱ्यावर सोडू नकोस कधी.
गिळली तर आतड्यात गाठ बसते,
दोन शेळ्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.
कापली की खिशात.
हे बघ माझे खिसे,
सगळी निळी सुतळी.
किल्ली शोधायला गेलो तरी
आधी हीच हाताला लागते.